बटाट्यात काय सापडलं? कमला सोहोनी आणि झाडांची ‘ऑपरेटिंग सिस्टीम’

मी माळेगाव बुद्रुकची. आमच्याकडे साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. उसातली साखर आणि मिरचीचा तिखटपणा, दोन्ही झाडच बनवतं. मग दोन्हीत फरक काय? हे वाचता वाचता मी कमला सोहोनींपर्यंत पोहोचले.

आधी फरक बघू. ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय फोन चालूच होत नाही. झाडात साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं यांचं तसंच आहे. ही प्रायमरी मेटाबोलाइट्स. त्यांच्याशिवाय पेशी जगत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन, चहातलं कॅफिन, हळदीतलं कर्क्युमिन ही सेकंडरी. ती बरीचशी स्क्रीन लॉकसारखी असतात, किडी आणि बुरशीला अडवणारी. सेकंडरी म्हणजे बिनकामाची नव्हे बरं का!

आता कमलाबाई. माहेरच्या त्या भागवत; लेखिका दुर्गा भागवत त्यांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष प्रोबेशनचं, आणि रामन यांची खात्री पटेपर्यंत कामाला मान्यता नाही. त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये एमएस्सी मिळवली. त्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळलं. पेशी साखरेतून ऊर्जा काढते, तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवायचं काम ते करतं. म्हणजे प्राण्यांसारखीच ही यंत्रणा झाडातही आहे! १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्यांनी ताडाच्या नीरेचं पोषणमूल्य तपासलं. कच्च्या कडधान्यात आपलं ट्रिप्सिन हे पाचक एन्झाइम अडवणारे घटक असतात, त्यांचाही अभ्यास केला. हे घटक प्रथिनं आहेत, त्यामुळे काटेकोरपणे सेकंडरी मेटाबोलाइट नाहीत. पण काम तेच, बचावाचं. डाळ नीट शिजवली की त्यांचा जोर बराच कमी होतो. नीरेच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता रांगेतली ट्रॉली बघितली की मला त्या आठवतात. तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वसन करत राहतात आणि थोडी साखर त्यातच संपते. बाकी एन्झाइम आणि जिवाणू फोडतात. म्हणून तर तोडणी झाली की गाळपाची घाई! आणि उभ्या ट्रॉलीतल्या त्या उसातही, साखर खर्च होताना, सायटोक्रोम सी आपलं काम करतच असतं.