गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव : डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जि. अमरावती, मृत्यू : २० डिसेंबर १९५६, वलगावनजीक, जि. अमरावती) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार, लोकशिक्षक व समाजसुधारक संत होते. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा सुमारे अर्धशतकाचा क्रम होता. ते गाडगेबाबा या नावानेही ओळखले जातात. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानामुळे सांडपाणी, डासांची उत्पत्ती आणि हिवताप-डेंग्यूसारखे आजार यांच्या चर्चेतही त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण व तरुणपण

डेबूजींचा जन्म परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. वडिलांना दारूचे व्यसन होते. त्यात घरची शेती गेली आणि डेबूजी लहान असतानाच वडिलांचा मृत्यू झाला. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूजींनी गुरे राखली, पुढे मामाची शेती सांभाळली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अंगमेहनतीची सवय मात्र याच काळात जडली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

१८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात सापडली तेव्हा अक्षरशत्रू शेतकऱ्याची नाडणूक कशी होते हे त्यांनी जवळून पाहिले. कर्ज काढून सण करू नका आणि मुलांना शाळेत घाला हे त्यांच्या कीर्तनातील दोन आग्रह या अनुभवातून आलेले आहेत. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारूची पंगत द्यायची असे. डेबूजींनी तो रिवाज मोडून गोडाचे जेवण दिले. भावकीचा रोष पत्करून केलेली ही त्यांची पहिली उघड सुधारणा मानली जाते.

गृहत्याग व खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढची कित्येक वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटकी बांगडी आणि हातात खराटा, असा त्यांचा वेश होता. तोच गाडग्याचा तुकडा जेवणाचे भांडे म्हणूनही उपयोगी पडे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. काही भागांत गोधडे महाराज, चिंधेबुवा अशीही नावे रूढ होती.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. चिखलामुळे यात्रेकरूंचे हाल होत. डेबूजींनी तेथे वाट बांधण्याचे काम स्वतःच्या हाताने सुरू केले आणि पुढे लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. त्यांच्या कार्याची पद्धत येथेच ठरली असे म्हणता येते. आधी स्वतः काम करायचे, बघ्यांची गर्दी जमू द्यायची, मग त्या गर्दीच्या हाती टोपली-फावडे द्यायचे.

एखाद्या गावात शिरल्यावर बाबा प्रथम कोणाच्या घरी जात नसत. चावडीपुढचा, देवळापुढचा कचरा झाडणे, तुंबलेली गटारे मोकळी करणे, उकिरडे उपसणे ही कामे सुरू होत. पायांवर डोके ठेवायला आलेल्या माणसाला ते रागे भरत, प्रसंगी काठीही उगारत. संध्याकाळी कीर्तन असे. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. अस्पृश्यता, पशुबळी, दारू, नवस-सायास आणि कर्जबाजारीपणा हे नेहमीचे विषय. अध्यात्माचे निरूपण त्यांच्या कीर्तनात अगदी थोडे असे. सकाळी कोणी उठण्यापूर्वी ते पुढच्या गावी निघून जात.

१९२३ साली कोकणातील खारेपाटण येथे असताना त्यांना मुलगा गोविंद याच्या मृत्यूची बातमी कळली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग त्यांच्या विरक्तीचा पुरावा म्हणून सर्व चरित्रांत येतो. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले याचा विचार मात्र फारच थोड्या चरित्रकारांनी केला आहे.

संस्था व सहकारी

लोकांनी दिलेला पैसा बाबांनी स्वतःकडे ठेवला नाही. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, गोरक्षण संस्था, अपंगांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी निवारे, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. पंढरपूरला ते वर्षानुवर्षे जात, परंतु विठ्ठलमंदिरात जाण्याऐवजी वाळवंटातील घाण काढण्यात त्यांचा दिवस जाई. वारीतून पटकी पसरते हा त्या काळी नेहमीचा अनुभव होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. सर्व संस्थांच्या व्यवस्थेसाठी १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

सातारा भागाशी त्यांचा संबंध प्रामुख्याने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यामुळे आला. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. या वसतिगृहात मुले स्वयंपाक, झाडलोट आणि शेतीचे काम स्वतः करीत. निरक्षर बाबा आणि शिक्षणाला वाहून घेतलेले भाऊराव यांचे सख्य श्रमावरील या समान श्रद्धेतून जुळले. स्वातंत्र्यानंतर संस्थेचे सरकारी अनुदान बंद पडले असता ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराड येथे महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. कधी शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव त्याच्या हयातीतच महाविद्यालयाला मिळाले.

स्वच्छता व रोगप्रतिबंध

हिवतापाचा जंतू डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे शोधून काढले, तेव्हा डेबूजी २१ वर्षांचे होते आणि दापुऱ्यात शेती करीत होते. बाबांच्या स्वच्छतेमागे डासांविषयीचे शास्त्र होते असे मानण्याचे कारण नाही. घाण आपली आहे, ती आपणच काढली पाहिजे आणि ती काढणाऱ्याची जात हलकी नाही, एवढी त्यांची भूमिका होती. मात्र त्या भूमिकेतून जे घडले त्याचा रोगप्रतिबंधाशी जवळचा संबंध आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख त्यात दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारणे हा त्याचा गाभा होता. त्याने रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. १९६० च्या दशकात ती वर्षाला एक लाखाच्या आसपास आली. पुढे डासांना औषधाची सवय झाली, फवारणीत ढिलाई आली आणि १९७६ साली देशात ६० लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. फवारणीचे पथक सरकारचे होते. गावकऱ्याने फक्त दार उघडायचे आणि भांडीकुंडी बाहेर काढायची. पथक आले नाही की काम थांबले. बाबांच्या पद्धतीत गावकरी स्वतःच पथक होता. पाणी साचू न देण्याचे काम वर्षभर, दर आठवड्याला आणि प्रत्येक घरी करावे लागते, आणि अशा कामाला फवारणीपेक्षा ही दुसरी पद्धत अधिक लागू पडते.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण शालेय निबंधांत व भाषणांत तो हटकून पुसला जातो. घाण काढली की डास जातात, हे अर्धेच खरे आहे. तुंबलेल्या गटारात, सांडपाण्याच्या डबक्यात क्यूलेक्स जातीचा डास वाढतो. विदर्भाच्या पूर्व भागात आढळणारा हत्तीरोग हाच डास पसरवतो. बाबांचा खराटा थेट याच डासाच्या मुळावर येतो. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस मात्र तुलनेने स्वच्छ, संथ पाण्यात, म्हणजे विहिरी, कालवे, टाक्या यांत अंडी घालतो. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडीस तर घरातच राहतो. पाण्याचा रांजण, बॅरल, कूलर, फुलदाणी, गच्चीवरचे टायर, नारळाची करवंटी ही त्याची ठिकाणे. तो दिवसा चावतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला या हिशेबावर आधारलेला आहे.

हा फरक सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विशेष जाणवतो. कृष्णा-कोयनेच्या काठची उसाची गावे आणि पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके यांचे पाण्याशी नाते अगदी वेगळे आहे. नदीकाठी प्रश्न पाण्याचा निचरा करण्याचा असतो. २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर सांगली परिसराने तो तीव्रतेने अनुभवला. दुष्काळी भागात पाणी टँकरने किंवा काही दिवसांआड नळाला येते, ते बॅरलमध्ये जपून ठेवावे लागते. तेथल्या गृहिणीला पाणी ओतून द्या असे सांगणे म्हणजे तिच्या चार दिवसांच्या कष्टावर पाणी सोडायला सांगण्यासारखे आहे. तिला उपयोगी पडते ते घट्ट झाकण किंवा तोंडाला बांधलेले फडके, आणि पाणी भरण्यापूर्वी घासलेले भांडे. विहिरींत व मोठ्या हौदांत आरोग्य कर्मचारी गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या खातात. गाव चकचकीत झाडलेले असूनही तेथे डेंग्यूची साथ येऊ शकते, याचे कारण हे आहे.

ग्रामस्वच्छता अभियान

२०००-०१ या वर्षी महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे. गावांची आपसांत स्पर्धा, श्रमदानातून स्वच्छता, तपासणी समित्यांची भेट आणि बक्षीस, असे अभियानाचे स्वरूप होते. शौचालये, रस्त्यांची सफाई, सांडपाण्याची विल्हेवाट यांना गुण होते. समिती येण्यापूर्वी गाव उजळते आणि गेल्यावर पुन्हा जैसे थे होते, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तरीही गटारात सोडले जाणारे न्हाणीघराचे पाणी घराजवळच शोषखड्ड्यात जिरवण्याची कल्पना या काळात खेडोपाडी पोचली. शोषखड्डा म्हणजे दगड, विटांचे तुकडे व वाळूने भरलेला खड्डा. पाणी जमिनीत मुरते, उघडे साचत नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी असे खड्डे करून गटारेच नाहीशी केली व डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. सातारा जिल्हा २०१८ च्या केंद्रीय स्वच्छ सर्वेक्षण (ग्रामीण) मध्ये देशात पहिला आला.

अखेरचा काळ व स्मृती

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथील पोलीस वसाहतीत झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यांचा आवाज व बोलण्याची लय त्यामुळे आज ऐकता येते. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. अमरावतीत गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे.

प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. १९७७ साली राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’ हा त्यांच्या जीवनावरील चित्रपट प्रदर्शित झाला. २० डिसेंबर १९९८ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. २३ फेब्रुवारी या जयंतीच्या दिवशी राज्यातील अनेक शाळांत व ग्रामपंचायतींत सफाईचे कार्यक्रम होतात.