जोसेफ पिलाटेस: मांड्यांमधल्या कड्यामागचा माणूस

फिजिओथेरपिस्टकडे किंवा व्यायामशाळेत तुम्ही एक लवचिक कडं पाहिलं असेल. मोठ्या ताटाएवढं, वजनाला हलकं, समोरासमोरच्या दोन बाजूंना गादीसारखे पॅड लावलेलं. ते गुडघ्यांच्या वर, मांड्यांमध्ये धरून हळूहळू दाबायचं असतं. 'पिलाटेस रिंग' किंवा 'मॅजिक सर्कल' या नावानं ते विकलं जातं. अनेकांना पिलाटेस हे एखाद्या कंपनीचं नाव वाटतं. प्रत्यक्षात ते एका माणसाचं आडनाव आहे.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख या गिरण्यांच्या गावात झाला. लहानपणी त्याला दमा, मुडदूस आणि ऱ्हुमॅटिक फीवर हे तिन्ही आजार झाल्याचं सांगितलं जातं. मुडदूस म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावानं हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार. त्या काळात 'ड' जीवनसत्त्वाचा शोधही लागलेला नव्हता. वडील जिम्नॅस्टिक्स करणारे होते. मुलानंही व्यायामाचा ध्यास घेतला आणि किडकिडीत पोराचं शरीर पुढे पिळदार झालं. व्यायामानं मुडदूस बरा होतो असा याचा अर्थ नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावं. त्यावर आज औषध आहे.

पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी पिलाटेस इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी मुष्टियुद्ध आणि सर्कशीतली कामं केली. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या जर्मन पुरुषांना शत्रू म्हणून अटक होऊ लागली. पिलाटेस आधी लँकेस्टरला आणि नंतर आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत नजरकैदेत राहिले. काटेरी कुंपणाआड वीस हजारांहून जास्त पुरुष होते. काम नाही, घरची खबर नाही, सुटकेची तारीख नाही. अशा ठिकाणी मन आणि स्नायू दोन्ही झपाट्यानं खचतात.

पिलाटेस सोबतच्या कैद्यांकडून जमिनीवर झोपून करायचे व्यायाम करून घेऊ लागले. जे खाटेवरून उठू शकत नव्हते, त्यांच्या खाटांना त्यांनी स्प्रिंगा जोडल्या आणि रुग्णाला झोपल्या झोपल्या हात-पाय ताणता येतील अशी सोय केली, असं त्यांच्या शिष्यांच्या परंपरेत सांगतात. त्यांनी शिकवलेल्यांपैकी कोणीही १९१८ च्या फ्लूच्या साथीत दगावलं नाही, ही कथाही तुमच्या कानावर येईल. डॉक्टर म्हणून ती मला मान्य नाही. व्यायामानं फ्लू टळत नाही. स्प्रिंगेची कल्पना मात्र मला फार शहाणपणाची वाटते. अशक्त रुग्णाला वजन उचलायला दिलं तर ते हातातून सुटू शकतं. स्प्रिंग तुम्ही जितकी ताणाल तितकाच विरोध करते आणि थांबलात की तीही थांबते. शिवाय झोपून व्यायाम केला की गुडघ्यांवर शरीराचा भार येत नाही.

युद्धानंतर ते जर्मनीत परतले आणि १९२६ च्या सुमारास अमेरिकेला निघाले. बोटीवर त्यांना क्लारा भेटली, ती आयुष्यभराची साथीदार झाली. न्यूयॉर्कमध्ये ९३९, एट्थ अॅव्हेन्यू या पत्त्यावर दोघांनी व्यायामशाळा काढली. आसपास नृत्यशाळा होत्या. पाय आणि कंबर दुखावलेले नर्तक तिथे येऊ लागले. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारखी मोठी माणसंही त्यांच्याशी जोडली गेली. आपल्या पद्धतीला ते 'काँट्रॉलॉजी' म्हणत. पिलाटेस हे नाव लोकांनी रूढ केलं.

कडं हे त्यांच्या छोट्या उपकरणांपैकी एक. पहिलं कडं बिअरच्या पिंपाच्या लोखंडी पट्टीचं होतं, अशी आख्यायिका आहे. त्याचं काम साधं आहे. मांड्यांमध्ये धरून दाबलं की मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू काम करतात. पाय कड्याच्या आत घालून बाहेर ढकलले की नितंबाच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस कामाला लागतो. चालताना एक पाय उचलला की कंबर त्या बाजूला झुकू न देणारा स्नायू हाच. तो कमकुवत झाला की माणूस डुलत चालतो, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो. पाठीवर झोपून, कडं मांड्यांमध्ये धरून कंबर उचलली की मागचा मोठा ग्लुटियस मॅक्सिमसही राबतो. दाबताना श्वास सोडा, रोखू नका. रक्तदाब असेल तर हे विशेष पाळा. सोडतानाही सावकाश सोडा, कडं फटकन उघडू देऊ नका.

डॉक्टर मंडळी आपली दखल घेत नाहीत, ही पिलाटेस यांची खंत होती. आज जुनाट कंबरदुखीत त्यांच्या पद्धतीचा काही उपयोग होतो असं अभ्यास सांगतात. पण ती इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

दम्यानं ग्रासलेलं बालपण आणि श्वासावर एवढा भर देणारी पद्धत, तरी हे गृहस्थ सिगार ओढत. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी, ८३ व्या वर्षी, एम्फिसिमानं त्यांचं निधन झालं. या आजारात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या कायमच्या खराब होतात आणि धूम्रपान हे त्याचं सर्वांत मोठं कारण आहे. मांड्या-पोट कितीही मजबूत असले तरी धूर फुप्फुसांना सोडत नाही.

क्लारा यांनी पुढे काही वर्षं काम चालू ठेवलं. १९७७ मध्ये त्याही गेल्या. २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं पिलाटेस हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा नाही, असा निकाल दिला. त्यामुळे ही पाटी कोणीही लावू शकतो. वर्गाला जाण्याआधी शिक्षकाचं प्रशिक्षण कुठे झालं ते विचारा. खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडं दाबू नका.