वर्गात कायदा शिकवणारे बॅरिस्टर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कार्य सर्वपरिचित आहे. त्यांच्या जीवनातील एका पैलूची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत असतानाच बाबासाहेब अनेक वर्षे वर्गात जाऊन विद्यार्थ्यांना कायदा शिकवत होते. कायदा कागदावर असणे पुरेसे नसते, तो माणसाला समजावाही लागतो, याची जाणीव त्यांच्या या कार्यातून दिसते.

वर्गाशी त्यांचा पहिला परिचय अवमानाचा होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. तिथल्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील या भीतीने मुलांनी ते घाईघाईने बाजूला काढल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदवला गेला आहे.

१९१२ मध्ये पदवी घेतल्यानंतर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तिथून लंडनला गेले. मायदेशी परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवण्यास प्रारंभ केला. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. १९२० मध्ये ही नोकरी सोडून त्यांनी लंडनमधील अपुरे शिक्षण पूर्ण केले. ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुण बॅरिस्टरकडे खटले सहजासहजी येत नव्हते. त्यामुळे उत्पन्नाला जोड म्हणून जून १९२५ पासून त्यांनी मुंबईतील बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवण्याचे काम स्वीकारले. मार्च १९२८ पर्यंत त्यांनी ते केले. त्यानंतर १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात जून १९२८ ते मार्च १९२९ या काळात ते प्राध्यापक होते.

याच वर्षांमध्ये कायदा आणि व्यवहार यांतील अंतर ते रस्त्यावर अनुभवत होते. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने संमत केला होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे १९२४ मध्ये खुले केले, तरी तिथे पाणी भरण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन हा हक्क बजावला. डिसेंबर महिन्यात पुन्हा सत्याग्रह होणार होता. मात्र तळे खासगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. महाडला जमलेला समुदाय सत्याग्रहाला सज्ज असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि न्यायालयात लढा दिला.

जून १९३५ मध्ये बाबासाहेब शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अवघ्या काही दिवसांपूर्वी, २७ मे रोजी, त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन झाले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी येवला इथे धर्मांतराची घोषणा केली. सार्वजनिक जीवनातील या धकाधकीतही अध्यापनाची त्यांची तयारी काटेकोर असे. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील डायसी यांचा ग्रंथ वाचताना विद्यार्थ्यांना अडचण येऊ नये, यासाठी डायसी यांनी वाचकाला ठाऊक असल्याचे गृहीत धरलेल्या गोष्टी ते आपल्या व्याख्यानांतून आधी स्पष्ट करत. ज्याच्या घरात कायद्याचे पुस्तक कधी आलेच नाही, अशा विद्यार्थ्यालाही विषय समजावा, अशी ही पद्धत होती. पुरावा, मुदत, मालमत्ता हस्तांतरण, न्यास, फौजदारी प्रक्रिया अशा विषयांवरील त्यांची टिपणे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात उपलब्ध आहेत. जानेवारी १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई प्रांतातील कायद्याच्या शिक्षणात सुधारणा सुचवणारा लेखही लिहिला.

चवदार तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल ते प्राचार्यपदी असतानाच लागला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे स्पष्ट करत मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी विरोधकांचे अपील फेटाळले. खटल्यातील प्रतिवादी त्या दिवशी कायद्याच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते. तळ्यावरील हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली होती. प्राचार्यपदाची जबाबदारी बाबासाहेबांनी १९३८ मध्ये सोडली.

पुढील काळात स्वतः शिकवण्याऐवजी त्यांनी शिक्षणसंस्था उभारण्यावर भर दिला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबाद इथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, मिलिंद महाविद्यालय आणि १९५६ मध्ये सिद्धार्थ विधि महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या पश्चात १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत समाविष्ट झाले. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. समाजात कायदेविषयक साक्षरतेचा प्रसार करण्याची जबाबदारी या कायद्याने प्राधिकरणांवर सोपवली. त्यानुसार वकील शाळांमध्ये जाऊन मुलामुलींना त्यांच्या हक्कांची माहिती देतात. अनेक शाळांमध्ये विधि साक्षरता मंडळेही आहेत.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला होता. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. गोणपाटावर वेगळ्या बसवलेल्या त्या विद्यार्थ्याला त्याचे हक्क समजावून सांगणारे तेव्हा वर्गात कोणी नव्हते. पुढे बॅरिस्टर होऊन त्यांनी वर्गात केलेल्या अध्यापनाचे मोल त्यामुळेच अधिक आहे.