सिस्टर केनी

एलिझाबेथ केनी यांचा जन्म १८८० साली ऑस्ट्रेलियात एका शेतकरी कुटुंबात झाला. परिचर्येचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. तरीही दूरदूरच्या वस्त्यांवर घोड्यावरून जाऊन त्या रुग्णांची शुश्रूषा करीत. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची सेवा करताना १९१७ साली त्यांना ‘सिस्टर’ ही पदवी मिळाली.

त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय फळ्यांना बांधून महिनोन्‌महिने जखडून ठेवीत. स्नायू आखडत आणि बालके वेदनेने तळमळत. केनी यांनी ही बंधने सोडविली. लोकरीच्या कापडाचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, त्या दुखऱ्या अवयवांभोवती गुंडाळीत. कळा ओसरल्या, की तो अवयव हळुवारपणे हालवीत आणि मग मुलाला स्वतः हालचाल करावयास शिकवीत.

१९३८ साली क्वीन्सलंडमधील डॉक्टरांच्या चौकशी मंडळाने या उपचारांवर कठोर टीका केली. पण केनी डगमगल्या नाहीत. १९४० साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथील अनेक डॉक्टरांना त्यांचे म्हणणे पटले आणि १९४२ साली मिनिआपोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

१९५२ साली त्या निवर्तल्या. रोगाच्या स्वरूपाविषयीची त्यांची काही मते पुढे टिकली नाहीत; परंतु रुग्ण बालकाची वेदना आधी शमविली पाहिजे, ही त्यांची शिकवण मात्र टिकून राहिली.