माप घेणारा योगी

गिरगाव चौपाटीजवळ, चर्नी रोड स्थानकापासून थोड्याच अंतरावर, मरीन ड्राइव्हला लागून कैवल्यधामचे मुंबईतील केंद्र आहे. १९३२ साली सांताक्रूझला सुरू झालेली ही शाखा १९३६ मध्ये येथे आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. योग म्हणजे संसार सोडलेल्यांचा मार्ग, अशी समजूत असलेल्या काळात नोकरदार आणि व्यापारी मुंबईकरांसाठी हे दार उघडणारे गृहस्थ म्हणजे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका मराठी शिक्षकाच्या घरी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याला महाविद्यालयात शिकत असताना, १९०७ ते १९१० या काळात, जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांचे शरीर घडले. पुढे ते अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात पडले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि तालमीत घडलेला हा शिक्षक योगाकडे वळला.

गुरूवर श्रद्धा असली तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची क्ष-किरण तपासणी केली. नौलीच्या वेळी पोटात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मापून दाखविले आणि त्या पोकळीला गुरूचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले.

मापनाच्या या सवयीतूनच त्यांची पुढची दृष्टी तयार झाली. तालमीत सर्वांना सारखेच जोर-बैठका काढायला लावण्याची रीत होती. ज्याच्या अंगी त्या लागत नसत, तो आळशी ठरे. स्वामींच्या ‘आसने’ या ग्रंथात मात्र पूर्ण, संक्षिप्त आणि सोपा असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. कान वाहत असल्यास शीर्षासन टाळावे, हृदय दुर्बल असल्यास जपून पावले टाकावीत, अशा सूचनाही आहेत. १९२७ मध्ये रक्तदाबाने त्रस्त झालेल्या गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

तरीही एक पेच त्यांच्यासमोर होताच. देशाला लाखो सुदृढ तरुण हवे होते आणि लाखोंची तपासणी शक्य नव्हती. १९३६ साली त्यांनीच ‘यौगिक संघ व्यायाम’ लिहून हुकमावर एकत्र करावयाचे प्रकार दिले. १९३७ मध्ये मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. शाळेच्या मैदानावर सर्वांना एक आज्ञा आणि चौपाटीच्या केंद्रात ज्याची त्याची प्रकृती पाहून उपचार, अशा दोन वाटा त्यांनी एकाच वेळी चोखाळल्या.

त्यांच्या प्रयोगांतील माणसे थोडी होती, त्यामुळे सर्वच निष्कर्ष आजच्या कसोटीवर टिकणारे नाहीत. मूळ प्रश्न मात्र खरा ठरला. १९९० च्या दशकात अमेरिका व कॅनडात झालेल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या कुटुंबांकडून वीस आठवडे ठरावीक व्यायाम करून घेण्यात आला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता काहींमध्ये मिनिटाला एक लिटरने वाढली, तर काहींमध्ये जवळजवळ वाढलीच नाही. या फरकाचा सुमारे निम्मा भाग घराण्याच्या वारशाशी जोडलेला आढळला. व्यायामाचे प्रमाण वाढविल्यास मागे राहिलेल्यांनाही लाभ होतो, असे नंतरच्या काही प्रयोगांत दिसले.

स्वामी कुवलयानंदांचे १८ एप्रिल १९६६ रोजी निधन झाले. शेजाऱ्याला फळलेला व्यायाम आपल्याला न फळल्याने खचून तो सोडून देणारे आजही पुष्कळ असतात. त्यांनी आळसाचा ठपका स्वतःवर घेण्यापूर्वी आपल्या शरीराचे माप घ्यावे, एवढा धडा या चरित्रातून निश्चित मिळतो.