पोट उघडलं तर गाठ भलतीकडेच निघाली, अन् डॉ. व्हिपल यांनी एका बैठकीत ऑपरेशन करून दाखवलं

साल 1940. न्यूयॉर्कचं प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल. डॉ. अ‍ॅलन व्हिपल जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन करायला उभे होते आणि बघायला बाहेरचे सर्जन जमले होते. पोट उघडलं, तर जठर ठणठणीत. गाठ होती त्याच्या मागे, स्वादुपिंडाच्या डोक्यात.

असं कसं झालं? तर स्वादुपिंड पोटात पार मागे, मणक्यापुढे दडलेलं असतं. साध्या एक्स-रेत त्याची गाठ दिसत नाही. त्या काळी खात्री करायची म्हणजे पोट उघडून हाताने चाचपायचं.

व्हिपल यांचा जन्म 1881 चा, इराणमधल्या उर्मियाचा. आईवडील अमेरिकन मिशनरी. शिक्षण प्रिन्स्टन आणि कोलंबियात. पुढे 1921 पासून 25 वर्षं ते कोलंबियात सर्जरीचे प्रोफेसर होते.

स्वादुपिंडाच्या वाटेला तेव्हा सहसा कुणी जात नसे. जर्मनीत कौश यांनी 1909 मध्ये असं ऑपरेशन केलं होतं, पण ते मागे पडलेलं. व्हिपल यांचा पहिला पेशंट दगावला. पोस्टमॉर्टेममध्ये कारण सापडलं. टाके कॅटगटचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याचे होते. स्वादुपिंडाचा रस मांस पचवतो, त्याने टाकेच पचवून टाकले! मग त्यांनी रेशमी दोरा घेतला आणि 1935 मध्ये दोन टप्प्यांतली पद्धत छापली. दोन टप्पे का? कारण काविळीत रक्त नीट गोठत नाही, म्हणून आधी कावीळ उतरवायची, मग गाठ काढायची.

1940 च्या त्या पेशंटला कावीळ नव्हतीच. व्हिपल यांनी स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एकाच बैठकीत काढला. पेशंट पुढे नऊ वर्षं जगला. त्याच सुमारास व्हिटॅमिन के हाताशी आलं आणि कावीळवाल्यांचाही मार्ग मोकळा झाला. ऑपरेशनला नाव व्हिपल यांचं पडलं, पण स्वतः त्यांनी आयुष्यभरात अशी 37 च केली. 1963 मध्ये ते गेले.

त्यांची बोटं जे शोधायची, ते आज बऱ्याच अंशी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड शोधतो. 1980 च्या दशकात ही दुर्बीण वापरात आली. तोंडातून जठरात उतरवायची आणि भिंतीपलीकडचं स्वादुपिंड अगदी जवळून बघायचं. सुईने तुकडाही काढता येतो.

खरी गोची गाठीच्या आजूबाजूला असते. कॅन्सरभोवतीचं स्वादुपिंड सुजतं, कडक होतं. जुनी सूजही तशीच कडक लागते. कॅन्सर नेमका कुठे संपतो, शेजारच्या रक्तवाहिनीला चिकटलाय का, यावर ऑपरेशन करायचं की आधी केमो द्यायची हे ठरतं. आता इलास्टोग्राफीने ऊतींचा कडकपणा रंगांत दाखवतात. तरीही कधीकधी कॅन्सर समजून काढलेला भाग लॅबमध्ये नुसती सूज निघतो.