तबलानवाज उस्ताद अहमदजान थिरकवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर कलावंताचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादे मराठी नाव असावे. मी निवडलेले नाव मराठी नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा हे मूळचे मुरादाबादचे. पण ज्या मराठी घरांत जुन्या नाटकांची पदे अजून गुणगुणली जातात, तेथे बालगंधर्वांच्या मागोमाग त्यांचे नाव निघतेच निघते. परमुलखातून यावे आणि तेथलेच होऊन राहावे म्हणजे काय, हे जबलपुरात पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको. त्यामुळे या अंकात खाँसाहेबांना परके मानण्याचे कारण मला दिसले नाही.

दुसरे कारण माझ्या मनातल्या एका जुन्या प्रश्नाचे आहे. कॉलेजात असताना एका नामवंत तबलावादकाची मैफल ऐकून मी भारावून गेलो आणि कार्यक्रम संपताच त्यांना भेटावयास रंगपटात शिरलो. मनाशी दोन-चार वाक्ये जुळवून ठेवली होती. गृहस्थांनी मान वर केली नाही. तबल्यावर कापड गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला हातोडी शोधून द्यावयास सांगितली आणि चहाचे काय झाले याची चौकशी केली. मी हिरमुसला होऊन परतलो. व्यासपीठावर ज्याच्या बोटांतून वीज खेळते, तो माणूस जवळून इतका साधा, किंबहुना इतका कोरडा कसा, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नाही. थिरकवा खाँसाहेबांचे चरित्र वाचता-ऐकताना त्याचा थोडासा उलगडा झाला.

त्यांचा जन्म १८९२ च्या सुमाराचा. घराणे वाजविणाऱ्यांचे. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत आणि नात्यात तबलियेही होते. लहानपणी गाण्याचे व सारंगीचे संस्कार झाले, पण मुलाचे मन रमले तबल्यात. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास तो उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे मुंबईस आला. मुनीरखाँ हे मीरतजवळच्या ललियाना गावचे. अनेक उस्तादांकडून त्यांनी विद्या गोळा केली होती, आणि दिल्ली, अजराडा, फरुखाबाद, लखनौ अशा निरनिराळ्या बाजांच्या बंदिशी त्यांच्या संग्रही होत्या. या साठ्याचा मोठा वाटा या शिष्याच्या पदरात पडला. थिरकवा हे मूळ नाव नव्हे. मुनीरखाँचे वडील काळेखाँ यांनी त्या पोराची बोटे तबल्यावर थिरकताना पाहिली आणि कौतुकाने त्याला ते नाव दिले, असे सांगतात. जन्माचे नाव अहमदजान. पण जग त्यांना लाडाच्या नावानेच ओळखू लागले.

मराठी माणसाशी त्यांची गाठ पडली ती गंधर्व नाटक मंडळीत. बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली स्थापिलेली ही कंपनी म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्राचे वेडच होते. सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर कांबळे आणि तबल्यावर थिरकवा या त्रयीची नावे जुनी मंडळी अजूनही एका दमात घेतात. नाटक रात्री सुरू होई आणि वन्समोअरांच्या वर्षावात पहाटेपर्यंत चाले. एकच पद तीन-तीन, चार-चार वेळा गायिले जाई आणि प्रत्येक वेळी गंधर्व त्यात काही नवी जागा घेत. तबलजीला आधी काहीच ठाऊक नसे. ठेका सरळ ठेवावयाचा, शब्दाला धक्का लागू द्यावयाचा नाही, नटाच्या अभिनयाला अवकाश द्यावयाचा आणि समेच्या अलीकडे एखादा नेमका मुखडा घेऊन गाणाऱ्याला अलगद समेवर आणून सोडावयाचे, हे काम दिसावयास सोपे, करावयास महाकठीण. नाट्यपद म्हणजे काही बडा ख्याल नव्हे. तेथे विस्तार आखूड, भाव क्षणाक्षणाला पालटणारा. जास्तीचे एक बोट पडले तरी पद बिघडते. इतकी विद्या पदरी असलेल्या माणसाने ती आवरून धरावी, यात खरा पराक्रम आहे. आणि जेथे मोकळीक मिळे, तेथे केहरवा-दादऱ्यातल्या लग्ग्यांनी ते नाट्यगृह दणाणून सोडीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साथीदार बसत ते रंगमंचाच्या पायथ्याशी, नटाकडे तोंड करून. म्हणजे हजारो रसिकांनी वर्षानुवर्षे ज्यांना डोक्यावर घेतले, त्या खाँसाहेबांना बहुतेकांनी पाहिले होते ते पाठमोरे, फार तर एका बाजूने. चेहरा गंधर्वांचा दिसे, हात खाँसाहेबांचा ऐकू येई. प्रत्यक्ष समोरासमोर येण्याची संधी मिळाली, तर पुढे दिसे एक गंभीर, अबोल वाटणारा पुरुष. स्वतंत्र वादनाच्या मैफलीतही त्यांची बैठक तशीच स्थिर असे. मान डोलविणे नाही, केस उडविणे नाही, समेवर विजयी मुद्रेने सभेकडे पाहणे नाही. हात मनगटापासून खाली चालत, आणि काय चालले आहे हे चेहऱ्यावरून कळण्याची सोय नसे. आजचे काही वादक पाहिले की हा संयम किती दुर्मिळ होता हे पटते. पण तो माझ्या वयाचा दोष असेल.

भेटावयास येणाऱ्या मराठी रसिकाच्या मनात काय असे? त्याच्या मनात स्वयंवरातली रुक्मिणी असे, एकच प्याल्यातली सिंधू असे, रात्रभर जागून ऐकलेली पदे असत. त्याच्या लेखी हे गंधर्वांचे थिरकवा होते. खाँसाहेबांच्या स्वतःच्या लेखी ते कोण होते? त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की उत्तर मिळते. एकट्याने वाजवावयास बसले की लोकांना प्रिय झालेल्या त्या लग्ग्या ते पुढे करीत नाहीत. पेशकार, मग कायदे, रेले, मग गती व तुकडे, सारे त्रितालात, निवांत लयीत, एकेक अक्षर मोत्यासारखे वेगळे. ते आधी मुनीरखाँचे शागीर्द होते आणि मग बाकी सारे. चाहता ज्याला भेटावयास येतो आणि प्रत्यक्षात जो समोर बसलेला असतो, ती दोन माणसे असतात. दोघांपैकी खोटा कोणीच नाही. मला हातोडी शोधावयास लावणाऱ्या त्या वादकाला मी तेव्हा निष्कारण दोष दिला.

त्या काळी तबलजीची पायरी समाजात खालची होती, हेही विसरता कामा नये. तबला कोठीवरचा म्हणून पांढरपेशा घरांतून त्याला मज्जाव असे. वाद्याची गोडी असली तरी वाजविणाऱ्याला शेजारी बसविताना लोक कचरत. खाँसाहेबांच्या वागण्यात जो करारीपणा होता, त्याच्या मुळाशी मला हा अनुभव दिसतो. आपल्या विद्येचा मान त्यांनी राखला आणि इतरांनाही राखावयास लावला. पुढे याच पांढरपेशा घरांतली मुले त्यांच्यापुढे गंडा बांधून बसली. गुणीदास या नावाने ख्यालाच्या बंदिशी रचणारे पंडित जगन्नाथबुवा पुरोहित यांनी तबल्याचे शिक्षण खाँसाहेबांकडून घेतले. लालजी गोखले त्यांचे शिष्य. निखिल घोष यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. ठाण्याचे भाई गायतोंडे आधी जगन्नाथबुवांकडे शिकले व नंतर खाँसाहेबांकडे आले; २०१९ साली ते निवर्तले, तोपर्यंत ती विद्या ते पुढच्यांना समजावून देत राहिले. केवळ कौतुक करावयास येणाऱ्याच्या वाट्याला खाँसाहेबांचा अबोलपणा आला असेल. शिकावयास बसणाऱ्याला मात्र भरभरून मिळाले.

१९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या धर्मात्मा या बोलपटात उतरले आणि नाटक मंडळीचा सुवर्णकाळ ओसरला. खाँसाहेब १९३६ च्या सुमारास रामपूर दरबारी गेले. नवाब रझाअलीखाँ संगीताचे शौकीन होते; तेथे त्यांनी बरीच वर्षे काढली. संस्थाने विलीन झाल्यावर ते लखनौस आले आणि भातखंडे संगीत महाविद्यालयात तबला शिकवू लागले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली ती संस्था उभारली, आणि पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ती वाढविली. मुरादाबादच्या माणसाला मुंबईने नाव दिले, आणि मुंबईच्या माणसांनी लखनौत काढलेल्या विद्यालयात त्याला मानाची जागा मिळाली. १९७० साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. अखेरच्या वर्षांत मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातही त्यांनी विद्यादान केले. ऐंशी ओलांडली तरी हात स्वच्छ होता. त्या वयातले ध्वनिमुद्रण रिछाईच्या माझ्या घरी आम्ही दोघा-तिघा मित्रांनी मध्यंतरी एका रात्री ऐकले. दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकणारे आमचे कान. पण चाटेवरचा ना आणि डग्ग्याची घुमारदार मींड त्यांतही वेगळी उमटली, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

राहावे मुंबईत आणि देह ठेवावा लखनौत, अशी इच्छा खाँसाहेब बोलून दाखवीत असे सांगतात. १३ जानेवारी १९७६ रोजी ते लखनौच्या घरून मुंबईस जाण्यासाठी निघाले होते. स्टेशनच्या वाटेवरच त्यांची प्राणज्योत मालवली.